पेडल वाजत नाही? पार्ट बदलू नका, आधी मोजा

घरी बांधलेलं गिटारचं पेडल पहिल्याच खेपेला वाजेल असं नाही. व्हेरोबोर्डवर ट्रान्झिस्टर आणि आयसी बसले, ॲल्युमिनियमच्या डबीला भोकं पाडून झाली, जॅक लागले, स्विच दाबला आणि काहीच नाही. किंवा नुसती घरघर. किंवा आवाज येतो, पण कान देऊन ऐकावा लागेल इतका बारीक. अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा आयसी उपटतात. नवा लावूनही पेडल गप्पच राहिलं की ट्रान्झिस्टर, मग कपॅसिटर. पुन्हा पुन्हा तापवून बोर्डाच्या तांब्याच्या पट्ट्या सुटून येतात आणि मूळ दोष होता तिथेच राहतो.

पार्ट आणायचा तर नाशिकच्या द्वारका सर्कलवरून एक रस्ता मुंबईला जातो, एक पुण्याला. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुण्यात बुधवार पेठ. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या पार्टचे हे दोन जुने, मोठे बाजार. साधे रेझिस्टर किंवा बीसी५४७ कुठेही मिळतात. पण जर्मेनियम ट्रान्झिस्टर, नऊ पायांचा फूटस्विच, एखादा जुना ऑपॲम्प हवा असेल तर यांपैकी एक रस्ता धरावा लागतो, नाहीतर कुरिअरची वाट बघावी लागते. तेव्हा ‘हा पार्ट गेला असेल’ एवढ्या अंदाजावर दिवस आणि पैसे घालवणं परवडत नाही. शिवाय नव्या बांधणीत पार्ट जात्याच खराब निघण्यापेक्षा ड्राय सोल्डर, उलटा बसलेला पार्ट, चुकलेली वायर आणि नकळत झालेला शॉर्ट हेच दोष जास्त सापडतात. ते शोधायला नवा पार्ट लागत नाही. क्रम लागतो.

हाताशी काय असावं

डिजिटल मल्टिमीटर, २५ वॉटची सोल्डरिंग गन किंवा साधं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची रोझिनवाली सोल्डर वायर, सोल्डर पंप, दोन-चार क्रोकोडाइल क्लिपा, नवी ९ व्होल्टची बॅटरी आणि मोबाइलचा कॅमेरा. भिंग नसेल तर कॅमेऱ्याने बोर्डाचा फोटो काढून मोठा करून बघा. डोळ्यांनी न दिसलेला सोल्डरचा केस फोटोत दिसतो. सर्किटचा नकाशा कागदावर छापून घ्या. तपासलेल्या प्रत्येक ठिकाणी त्यावर टिक करायची आहे.

चाचणी घेताना ॲम्पचा आवाज कमी ठेवा. सदोष पेडल अचानक किंचाळतं, त्यात कान आणि स्पीकर दोन्ही जातात. आणि भिंतीत खुपसायचा ॲडॅप्टर उघडू नका. पेडलमधले ९ व्होल्ट निरुपद्रवी असतात, ॲडॅप्टरच्या पोटातले २३० नसतात.

आधी दोषाचं नाव ठरवा

‘चालत नाही’ हे निदान झालं नाही. स्विच एका बाजूला असताना गिटारचा साधा आवाज येतो का? दुसऱ्या बाजूला काय होतं: शांतता, बारीक आवाज, घरघर की शिट्टी? दिवा लागतो का? व्हॉल्यूमचं पॉट फिरवल्यावर घरघर कमी-जास्त होते का? ही उत्तरं लिहून काढा. साधा आवाजही येत नसेल तर दोष जॅक, स्विच किंवा वायरिंगमध्ये. ट्रान्झिस्टरकडे बघायचंही कारण नाही. साधा आवाज ठीक आणि इफेक्ट लावल्यावर शांतता, तर दोष सप्लायमध्ये किंवा बोर्डावर. घरघर व्हॉल्यूमच्या पॉटबरोबर कमी होत असेल तर ती पॉटच्या आधीच्या भागातून येते. तशीच राहत असेल तर पॉटच्या पुढून.

जे ऐकू येतंय तो दोष आहे की त्या सर्किटचा स्वभाव, हेही एकदा विचारून घ्या. फझ नावाचा प्रकारच मुळात एका बिघाडातून आला. मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं १९६१ साली आलं. त्याच्या रेकॉर्डिंगच्या वेळी नॅशव्हिलच्या स्टुडिओत मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बास गिटार फाटक्या आवाजात वाजला. इंजिनीअर ग्लेन स्नॉडीने तो आवाज मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आलं. त्यामुळे फझ पेडलमध्ये सूर विरताना थरथरत तुटला तर लगेच गन तापवू नका; कित्येक फझ तसेच वाजतात. बूस्टरने तसं केलं तर मात्र तो दोष.

पेडल उघडण्याआधी

गिटार थेट ॲम्पला लावा. मग पेडलसाठी वापरलेल्या दोन्ही केबल एकेक करून तिथेच तपासा. ढिली केबल हा सर्वांत स्वस्त दोष आणि तरी तो सर्वांत शेवटी तपासला जातो.

आता सप्लाय. नवी बॅटरी मीटरवर ९ च्या थोडं वर दाखवते. पण बॅटरी सुटी मोजू नका, पेडलला जोडून मोजा. थकलेली बॅटरी सुटी असताना ८.५ दाखवते आणि जोडली की ६ वर येते. जोडल्याबरोबर चांगली बॅटरी १-२ व्होल्टवर कोसळली तर बोर्डावर शॉर्ट आहे, तत्काळ काढा.

ॲडॅप्टर वापरत असाल तर त्याची पिन बघा. गिटार पेडलच्या दुनियेत बॉस कंपनीच्या पेडलमुळे रूढ झालेली पद्धत अशी, की २.१ मिलिमीटरच्या पिनच्या मधल्या भोकात निगेटिव्ह आणि बाहेरच्या अंगाला पॉझिटिव्ह. घरातल्या राउटरचे आणि सेटटॉप बॉक्सचे ॲडॅप्टर बहुधा याच्या उलट, आणि अनेकदा १२ व्होल्टचे. पिन तीच, बसतेही छान. सर्किटच्या तोंडाशी १एन४००१ डायोड सप्लायला समांतर लावला असेल, तर उलटा ॲडॅप्टर लागला की तो डायोड सप्लाय शॉर्ट करून बाकीच्या पार्टना वाचवतो, पण बऱ्याचदा स्वतः जळून कायमचा शॉर्ट होतो. पेडल अचानक मेलं आणि बॅटरी कोसळत असेल तर या डायोडचा एक पाय उचलून मोजा. आयसीएल७६६० सारखा व्होल्टेज उलटवणारा आयसी असेल तर आणखी जपा: त्याची मर्यादाच १० व्होल्ट आहे, १२ लावले की तो गेला.

बॅटरीवर पेडल पूर्ण मेलेलं आणि दिवाही लागत नाही, असं असेल तर इनपुटचा जॅक बघा. बॅटरी वाचवण्यासाठी तिथे स्टीरिओ जॅक लावतात आणि बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या टोकाला, म्हणजे रिंगला जोडतात. मोनो केबल आत गेली की तिचं लांब बूड रिंग आणि स्लीव्ह यांना जोडतं आणि बॅटरी सुरू होते. दोन गोष्टी इथे चुकतात. एक, मोनो जॅकच लावलेला असतो. दोन, वायर रिंगऐवजी टिपला जोडलेली असते. आणि केबल न खुपसता टेबलावर व्होल्टेज मोजणाऱ्याला बोर्डावर शून्यच मिळणार. मोजताना इनपुटला केबल हवीच.

स्विच

नऊ पायांचा फूटस्विच म्हणजे तीन-तीन पायांच्या तीन ओळी. प्रत्येक ओळीतला मधला पाय कधी या शेजाऱ्याला तर कधी त्या शेजाऱ्याला जोडला जातो. मीटर कंटिन्युइटीला, म्हणजे बजरवर लावा आणि स्विच दाबत तिन्ही ओळी तपासा. एखाद्या ओळीत दोन्ही स्थितींत बजर वाजला नाही तर स्विच गेला. हे पाय तापवताना आतलं प्लॅस्टिक वितळतं आणि पाती हलतात, म्हणून एका पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त गन लावायची नाही. स्विच ९० अंशांत फिरवून बसवला की ओळी आणि रांगा यांची अदलाबदल होते आणि काहीच धड चालत नाही, हाही नेहमीचा घोटाळा.

शंका मिटवायचा सोपा उपाय: स्विच बाजूलाच ठेवा. बोर्डाची इनपुट वायर थेट इनपुट जॅकच्या टिपला आणि आउटपुट वायर थेट आउटपुट जॅकच्या टिपला क्लिपने जोडा. पेडल वाजलं तर बोर्ड निर्दोष, स्विचचं वायरिंग दोषी. नव्या बांधणीत तर बोर्ड आधी असाच वाजवून बघावा आणि मगच स्विच लावावा.

डोळ्यांनी तपासणी

सप्लाय काढा. बोर्ड उजेडात धरून सोल्डरची बाजू बघा. चांगला टाका चकचकीत असतो आणि पायाभोवती उतार घेऊन बसतो. ड्राय सोल्डर मातकट, दाणेदार किंवा गोळीसारखा वर फुगलेला दिसतो. शंका आली की पुन्हा तापवा आणि ताज्या वायरचा एक थेंब द्या. आतलं रोझिन टाका साफ करतं. पत्र्याच्या किंवा नळाच्या कामाची ॲसिडवाली पेस्ट बोर्डाला लावू नका. ती तांबं खात राहते आणि पट्ट्यांमधून करंट गळू देते.

व्हेरोबोर्ड असेल तर पट्ट्या तोडलेल्या जागा नकाशाशी ताडून बघा. भोकाच्या कडेला तांब्याचा केसभर धागा शिल्लक राहिला तरी पट्टी जोडलेलीच राहते. दोन पट्ट्यांमधल्या प्रत्येक फटीतून ब्लेडचं टोक एकदा ओढून काढा. या पाच मिनिटांच्या कामाने कित्येक पेडलं बोलती होतात.

मग पार्टची बाजू. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे दुकानातला गोल कंडेन्सर, याच्या अंगावरची पट्टी निगेटिव्ह पायाकडे असते. डायोडची पट्टी नकाशातल्या आडव्या रेघेच्या बाजूला. एलईडीचा लांब पाय पॉझिटिव्ह. आयसीची खाच किंवा ठिपका एक नंबरच्या पायाची खूण.

छोट्या कपॅसिटरवरचे आकडे पिकोफॅरडमध्ये वाचायचे: १०४ म्हणजे १० पुढे चार शून्यं, म्हणजे १०० नॅनोफॅरड किंवा ०.१ मायक्रोफॅरड. १०३ त्याचा दहावा भाग, १०२ शंभरावा. आवाज येतो पण पातळ, जाडी नसलेला, असं झालं तर १०४ च्या जागी १०२ बसला आहे का, हे आधी बघा. रेझिस्टरमध्ये तांबडा आणि नारिंगी पट्टा ट्यूबलाइटखाली सारखाच दिसतो: तपकिरी-काळा-तांबडा १ के, तपकिरी-काळा-नारिंगी १० के. पट्टे वाचत बसण्यापेक्षा बसवण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजावा. बोर्डावर बसल्यावर मोजला तर शेजारचे पार्ट समांतर येतात आणि आकडा कमी दिसू शकतो.

ट्रान्झिस्टरकडे नीट लक्ष द्या, कारण आपल्याकडे इथेच जास्त फसगत होते. परदेशी नकाशात २एन३९०४ किंवा २एन५०८८ असतो. आपण सहज मिळतो म्हणून बीसी५४७ किंवा बीसी५४९ लावतो. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन३९०४ आणि २एन५०८८ चे पाय डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर. बीसी५४७ आणि बीसी५४९ चे कलेक्टर-बेस-एमिटर. म्हणजे नेमके उलटे. उलट्या बसलेल्या ट्रान्झिस्टरमुळे पेडल मरत नाही, अशक्त वाजतं. ‘आवाज येतो पण दम नाही’ ही तक्रार असेल तर ट्रान्झिस्टर १८० अंशांत फिरवून बघा.

ऑपॲम्पचंही तसंच. टीएल०७२ आणि ४५५८ यांच्या एका पोटात दोन ऑपॲम्प असतात. त्यांचा पॉझिटिव्ह सप्लाय आठव्या पायावर. ७४१ आणि टीएल०७१ हे एकेकटे. त्यांचा सप्लाय सातव्या पायावर आणि आउटपुट सहाव्यावर. दिसायला सगळे आठ पायांचे काळे किडे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आयसी थेट सोल्डर न करता आठ पायांच्या सॉकेटमध्ये बसवला असेल तर बदलून बघणं सोपं जातं. मात्र सॉकेटखाली दुमडलेला पाय आहे का, तेही बघा.

व्होल्टेज

आता सप्लाय लावा, केबल खुपसा, मीटर डीसी २० व्होल्टवर आणि काळी प्रोब ग्राउंडला क्लिपने कायमची अडकवा. टीएल०७२ किंवा ४५५८ वर आठवा पाय ९ च्या जवळ, चौथा शून्य, आणि पहिला व सातवा, म्हणजे दोन्ही आउटपुट, सप्लायच्या निम्म्यावर, साधारण ४.५. हा ४.५ दोन सारख्या रेझिस्टरमधून, बहुधा १० के आणि १० के, तयार केलेला असतो. त्या जोडावर शून्य आलं तर वरचा रेझिस्टर तुटलेला किंवा शेजारचा कपॅसिटर शॉर्ट. पूर्ण ९ आले तर खालच्या रेझिस्टरचा टाका सुटलेला. ४.५ बरोबर, पण आउटपुट वर ८ किंवा खाली १ च्या आसपास चिकटलेलं असेल, तर फीडबॅकचा रेझिस्टर किंवा इनपुटचा बायस तुटला आहे. हे दोन्ही ठीक निघाले तरच आयसीवर संशय घ्या.

इथे एक सापळा आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात पिवळा डीटी-८३० जातीचा स्वस्त मीटर असतो. डीसी व्होल्टला त्याचा अंतर्गत रोध १ मेगओम असतो; चांगल्या मीटरचा १०. ऑपॲम्पच्या तिसऱ्या पायाला ४.५ व्होल्ट १ मेगच्या रेझिस्टरमधून दिलेले असतील, तर पिवळ्या मीटरची प्रोब तिथे टेकताच व्होल्टेज दोघांत विभागलं जातं आणि पडद्यावर २.२५ येतं. सर्किटमध्ये काहीच चुकलेलं नसतं. मोजल्यामुळे आकडा पडतो. म्हणून अशा ठिकाणी इनपुटऐवजी आउटपुटचा पाय मोजा. तिथे ४.५ आले तर इनपुटही ठीक असलंच पाहिजे.

ट्रान्झिस्टरच्या सर्किटचा एक हिशेब करून बघू. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा एलपीबी-१ हा साधा बूस्टर, १९६० च्या दशकाच्या अखेरीचा. नवशिक्यांचं पहिलं पेडल बऱ्याचदा हेच. बेसला वरून ४३० के आणि खाली ४३ के, कलेक्टरला १० के, एमिटरला ३९० ओम. ९ व्होल्टवर बेसचं व्होल्टेज साधारण ०.८ येतं. सिलिकॉन ट्रान्झिस्टर बेस आणि एमिटरमध्ये ०.६ च्या आसपास खातो, म्हणजे एमिटरवर उरले ०.२. ३९० ओमवर ०.२ म्हणजे अर्धा मिलिॲम्पियर. तोच करंट १० के मधून जाताना ५ व्होल्ट घेतो, म्हणून कलेक्टरवर ४ च्या आसपास दिसायला हवेत. तुमच्या मीटरवर कलेक्टरला पूर्ण ९ आले तर ट्रान्झिस्टर बंद आहे: बेसचा रेझिस्टर सुटलेला किंवा पाय चुकलेले. कलेक्टर आणि एमिटर जवळजवळ सारखे आले तर तो पूर्ण उघडा आहे: बेसला जास्त करंट किंवा कुठेतरी शॉर्ट. असा हिशेब एकदा जमला की कुठल्याही फझ-बूस्टरला लागू पडतो. मूळ सूत्र एकच: सिलिकॉनमध्ये बेस एमिटरपेक्षा ०.६ ते ०.७ ने वर; जर्मेनियममध्ये ०.१ ते ०.३ चा फरक.

ऑडिओ प्रोब: दोषाचा माग

व्होल्टेज सगळी बरोबर आणि तरी आवाज नाही? मग आवाजाचाच माग काढायचा. त्यासाठी लागणारं हत्यार घरी बनतं. एका जुन्या गिटार केबलचं एक टोक कापा. मधल्या वायरला १०४ चा कपॅसिटर सोल्डर करा आणि कपॅसिटरच्या दुसऱ्या पायाला वीतभर वायर आणि टोकाला सुई किंवा मीटरची जुनी प्रोब. बाहेरच्या जाळीला क्रोकोडाइल क्लिप. क्लिप पेडलच्या ग्राउंडला, केबलचं शाबूत टोक ॲम्पला. कपॅसिटर डीसी अडवतो आणि आवाज जाऊ देतो, त्यामुळे सर्किटमध्ये कुठेही टोक टेकवता येतं.

एक हात प्रोबवर, एक मीटरवर, मग गिटार कोण वाजवणार? मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा आणि हेडफोनच्या पिनवरून पेडलच्या इनपुटला द्या. सूर अखंड वाजत राहतो. मोबाइलचा आवाज अगदी कमी ठेवा, कारण त्याचं आउटपुट गिटारच्या पिकअपपेक्षा बरंच मोठं असतं. पेडलच्या बाजूला मोनो पिनच हवी; स्टीरिओ पिन लावली तर वर सांगितलेला बॅटरीचा स्विच चालणार नाही.

सुरुवात मधून करा. द्वारका सर्कलला कोंडी झाली की ट्रॅफिक पोलीस आधी हे बघतो की गाड्या सर्कलपर्यंत पोहोचतात का. त्यावरूनच मागे जायचं की पुढे, ते ठरतं. तसंच इथे: पहिल्या ऑपॲम्पच्या आउटपुटला प्रोब टेकवा. तानपुरा ऐकू आला तर दोष पुढे, नाही तर मागे. उरलेल्या भागाच्या पुन्हा मध्यावर टेकवा. इनपुट जॅक, इनपुटचा कपॅसिटर, बेस किंवा तिसरा पाय, आउटपुट, डायोडची जोडी, टोनचं पॉट, व्हॉल्यूमचा तिसरा पाय, मधला पाय, आउटपुट जॅक. प्रत्येक खेपेला निम्मं सर्किट निर्दोष ठरतं. एखाद्या कपॅसिटरच्या अलीकडे आवाज आहे आणि पलीकडे नाही, तर एक तर त्याचा टाका सुटलाय किंवा पलीकडची बाजू ग्राउंडला शॉर्ट आहे; बजरने दहा सेकंदांत कळतं.

दोन ठिकाणी शांतता असायलाच हवी: ग्राउंड आणि ४.५ व्होल्टचा जोड. त्या जोडावर तानपुरा स्पष्ट ऐकू आला तर तिथला फिल्टर कपॅसिटर लागलेला नाही किंवा त्याचा टाका ड्राय आहे. अशा पेडलमध्ये आवाज कमी येतो किंवा शिट्टी वाजते.

घरघर

घरघरीलाही सूर असतो आणि तो ओळखता आला तर निम्मं काम होतं. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. हवेतून किंवा केबलमधून शिरलेली खोल, गोल गुणगुण ५० ची. रेक्टिफायरमधून गेल्यावर तिचे १०० होतात. ही घरघर जास्त कर्कश. १०० हर्ट्झ म्हणजे जाड सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या ‘जी’च्या किंचित वर, कारण तो ‘जी’ ९८ चा. ५० त्याच्या एक सप्तक खाली. तार वाजवून ताडून बघा. परदेशी पुस्तकांत हे आकडे ६० आणि १२० दिलेले असतात. ते अमेरिकेच्या विजेचे.

पहिली कसोटी: गिटारवरचं व्हॉल्यूम शून्य करा. घरघर गेली तर ती गिटारच्या पिकअपमधून येत होती, पेडल निर्दोष. सिंगल कॉइल पिकअप ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, चार्जर सगळ्यांची घरघर उचलतो. वीज गेल्यावर चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर सुरू झाला की ती एकदम वाढते.

दुसरी कसोटी: ॲडॅप्टर काढून बॅटरी लावा. घरघर थांबली तर ॲडॅप्टर अशुद्ध आहे. सप्लायच्या वाटेत १०० ओमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा. ५ मिलिॲम्पियर खाणाऱ्या पेडलला त्यात जेमतेम अर्धा व्होल्ट जातो. हल्लीच्या हलक्या स्विचिंग ॲडॅप्टरची बारीक चिरचिर मात्र याने पूर्ण जाईलच असं नाही. त्याला दुसरा ॲडॅप्टर हाच उपाय.

तिसरी: डबीला हात लावा. हात लावताच घरघर बदलत असेल तर डबी ग्राउंडला जोडलेली नाही. जॅकचं नट घट्ट करा. रंगवलेली डबी असेल तर जॅकच्या भोवतीचा रंग आतून खरवडा.

घरघर घालवण्यासाठी ॲम्पच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर तीच पिन तुमचा जीव वाचवते. घरातल्या अर्थिंगची शंका असेल तर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

जुन्या पद्धतीच्या पीएनपी जर्मेनियम फझमध्ये ग्राउंड पॉझिटिव्हला असतं. तो बाकीच्या पेडलांबरोबर एकाच ॲडॅप्टरच्या साखळीत लावला की केबलच्या जाळीतून सप्लाय शॉर्ट होतो. त्याला वेगळी बॅटरी द्या.

शिट्टी, रेडिओ, खरखर, ठक

गेन वाढवल्यावर शिट्टी: इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींना चिकटून चालल्या आहेत. त्या दूर करा, इनपुटला जाळीची वायर वापरा आणि जाळी एकाच टोकाला ग्राउंड करा. आयसीच्या सप्लायच्या पायाजवळ १०४ चा एक कपॅसिटर ग्राउंडला द्या.

पेडलमधून रेडिओ: इनपुटला १ के चा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे ग्राउंडला १०० पिकोफॅरड. आणि डबीचं झाकण लावून मगच तक्रार करा.

पॉट फिरवताना खरखर: काँटॅक्ट क्लीनर मारा. तरी राहिली तर व्हॉल्यूमच्या पॉटच्या तिसऱ्या पायावर डीसी मोजा. शून्य हवं. अर्धा-एक व्होल्ट असेल तर आउटपुटचा कपॅसिटर गळतो किंवा उलटा बसलाय. पॉट उलटं चालत असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या पायाच्या वायरी बदला.

स्विच दाबताना ठक: इनपुट आणि आउटपुटला ग्राउंडकडे १ ते २.२ मेगचा एकेक रेझिस्टर. एलईडीचा रेझिस्टर वाढवून ४.७ के केला तरी फरक पडतो.

डिलेमधला पीटी२३९९ सुरू होताना अडकून बसतो: त्याच्या सहाव्या पायाकडून ग्राउंडकडे जाणारा रोध फार कमी झालाय. पॉटच्या सिरीजमध्ये २.७ के चा कायमचा रेझिस्टर ठेवा.

जर्मेनियम फझ सकाळी छान आणि दुपारी मचूळ: तो बिघाड नाही, उष्मा आहे. जर्मेनियमची गळती तापमानात दर १० अंशांच्या वाढीला साधारण दुप्पट होते आणि मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला भिडतो. कलेक्टरला प्रीसेट लावून दुपारच्या उन्हात बायस पुन्हा जुळवा, किंवा सिलिकॉनचा फझ बांधा.

टेबलावर वाजतं, डबीत मरतं

अर्थ स्पष्ट आहे: डबी कशाला तरी टेकते. पॉटची धातूची पाठ बोर्डाच्या टाक्यांना, जॅकचं टिपचं पातं डबीच्या भिंतीला किंवा केबल खुपसल्यावर पसरून बॅटरीला. झाकण अर्धवट लावून, केबल आत-बाहेर करत ऐका. नेमकी जागा कळते. बोर्डाखाली जाड पुठ्ठा किंवा फोम टेप लावा आणि पॉटच्या पाठीवर इन्सुलेशन टेप. टाक्यांचे लांब राहिलेले पाय कापून टाका.

पेडल बोलतं झालं की लगेच झाकण लावू नका. प्रत्येक आयसी आणि ट्रान्झिस्टरच्या पायांवरचं व्होल्टेज कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आतून चिकटवा, तारखेसकट. पुढच्या बिघाडाच्या वेळी त्या आकड्यांशी ताडलं की दोषाचा भाग पाच मिनिटांत कळतो. आणि इतकं करूनही पेडल गप्पच राहिलं, तर ऑर्केस्ट्राचे किंवा मंडपवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा मेकॅनिक गाठा. पण जाताना नकाशा, मोजलेली व्होल्टेज आणि आवाज कुठवर पोहोचतो याची नोंद बरोबर न्या. नुसतं ‘चालत नाही’ म्हणून पुढ्यात ठेवलेल्या पेडलला कोणीच लवकर हात लावत नाही.